टेलिफोनची तार

म्हाळसा कुठलीही वायर आधी बोटाभोवती गुंडाळून सोडून बघायची. वळवली तशीच ताठ राहिली, तर आत एकच जाड तार. सैल पडली, तर आत केसासारख्या बारीक तारांचा पीळ. ती पिळाचीच घ्यायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. माहेरी मेंढरं होती तोवर आई, कुशाबाई, चातीवर लोकर कातायची. सुटा केस एका हिसक्यात तुटतो आणि पीळ पडला की त्याच केसाची घोंगडी बापानंतर मुलाच्या खांद्यावर जाते, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

कन्हेरीत ती लग्न होऊन आली. नवरा जोतीराम बारामतीला एस.टी. स्टँडमागच्या टपरीत रेडिओ दुरुस्त करायचा आणि मागणीप्रमाणे ॲम्प्लिफायर जुळवून द्यायचा. सुटे भाग तो आणायचा. तारांच्या जोडांना डाग द्यायचं काम बघता बघता म्हाळसाकडं आलं, कारण तिचा हात थरथरत नसे. चुलीवरचं उतरवून ती सोल्डरिंगची कांडी तापवायची. राळेच्या धुराचा वास तिच्या पदराला कायमचा चिकटला. गिऱ्हाइकांना वाटायचं, जोतीरामच करतो. त्यालाही तसं वाटलेलं चालत असे.

दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. त्या दिवसांत गावोगाव टेलिफोन येत होते. केबलचे उरलेले तुकडे मोडीत यायचे आणि सोलले की आतून निळ्या, नारिंगी, हिरव्या तारा निघायच्या. एकेरी, ताठ, दिसायला देखण्या. वळवाल तिथं काटकोनात बसायच्या. गिऱ्हाईक ॲम्प्लिफायरचा डबा घेताना झाकण उघडून आत बघतं आणि त्या रंगीत, सरळ तारा बघून खूश होतं, असं जोतीरामचं म्हणणं. तुझं काम म्हणजे न विंचरलेलं डोकं, असं तो हसून म्हणायचा. घरात ठेवायच्या डब्याला ती तार चालेल, हे म्हाळसाला कबूल होतं. पण डबा गावोगाव हिंडणार असेल तर एकेरी तार डागाजवळ मोडणार, हे ती पुन्हा पुन्हा सांगायची. तो ऐकून घ्यायचा. ऐकून घेणं आणि ऐकणं यांतला फरक तिला लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळला होता.

यंदाचा डबा मात्र गिऱ्हाइकाचा नव्हता. तो तिच्या बापासाठी होता.

दत्तोबा, म्हाळसाचे आबा, इंदापूरच्या अंगाला, माळावरच्या बिरोबाच्या जत्रेत ओव्या म्हणायचे. पुढची ओळ त्यांची, मागचे झिलकरी ती उचलून धरणार. गेल्या दोन वर्षांत त्यांचा घसा बसला. ओव्या सगळ्या तोंडपाठ, पण आवाज ढोलाच्या पलीकडं जाईना. यंदा जमलं नाही तर पुढची जागा दुसऱ्याला द्यायची, असं मेळ्यातल्या माणसांनी त्यांना सांगितलं होतं; सांगताना त्यांच्याकडं बघितलंही नव्हतं. म्हाळसानं तेव्हाच ठरवलं. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालेल असा डबा तिनं बांधला. माईकची आतली वायर तांब्याच्या जाळीत गुंडाळलेली, बाकी सगळ्या पिळाच्या, प्रत्येक डाग ओढून बघितलेला. जोतीराम तो नुसती नावाची पाटी लावायला म्हणून टपरीवर घेऊन गेला.

जत्रेच्या दिवशी डबा, कर्णा आणि माणसं एकाच ट्रॉलीतून निघाली. माळेगावच्या कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या गाड्यांनी रस्त्याची चाळण केली होती. दर खड्ड्याला डबा आपटत होता आणि म्हाळसा निवांत होती. तिला आपल्या वायरची खात्री होती.

दुपार कलताना दत्तोबांनी कानावर हात ठेवला. पहिली ओळ कर्ण्यातून निघाली आणि माळाच्या टोकापर्यंत गेली. बायकांत बसलेल्या म्हाळसाचा श्वास मोकळा झाला. दुसऱ्या ओळीला कर्णा खरखरला. तिसरी आलीच नाही. दत्तोबांचे ओठ हलत होते आणि ऐकू फक्त ढोल येत होता. जोतीरामनं डब्यावर थाप मारली; अर्धा शब्द बाहेर आला आणि गेला. त्यानं पुन्हा थाप मारली.

"जावयाचा डबा सासऱ्यागतच बसला की," मागनं कुणीतरी म्हणालं. माणसं हसली. दुसरा एक गडी पुढच्या जागेकडं सरकून पटका सारखा करायला लागला.

म्हाळसा उठली. वाटेतल्या माणसांना ओलांडत ती डब्यापाशी गेली आणि तिनं झाकण उचललं.

आत निळ्या, नारिंगी, हिरव्या तारा होत्या. सरळ, काटकोनात वळवलेल्या. तिची एकही वायर नव्हती. माईकच्या सॉकेटजवळ निळी तार डागातून मोडून लोंबत होती.

"पाटी लावताना सगळंच काढलं व्हय?" तिनं विचारलं.

"चार लोक उघडून बघत्यात," जोतीराम खालच्या आवाजात म्हणाला. "म्हटलं, आपल्या घरचं काम नीट दिसावं."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं, असं जोतीरामला वाटलं.

"आता बसा हितं. तार परत टोकाला टेकवा. प्लॅस्टिकवरनं धरा. उघड्या तांब्याला बोट लागलं तर कर्णा घुरघुरंल."

"किती येळ?"

"आबाची ओवी हुईस्तोवर."

"म्हाळसा, लोक बघत्यात."

"बघू द्या की. त्यास्नी दिसावं म्हणूनच केलंय न्हवं?"

तो बसला. मांडी घालून, जावयाच्या पांढऱ्या कपड्यांत, उघड्या डब्यात दोन बोटं घालून. कर्णा खरखरला, मग स्वच्छ झाला. दत्तोबांनी जावयाकडं एकदा बघितलं आणि सुटलेली ओळ पुन्हा उचलली. त्यांचा आवाज कातरा होता, जागोजागी विरलेला, पण शब्द न् शब्द पोचत होता. मागचे झिलकरी तो झेलत होते. पटका सारखा करणारा गडी खाली बसला.

ओवी लांबत गेली. जोतीरामच्या मनगटाला कळ लागली. बोट जरा ढळलं की कर्णा खरखरायचा आणि सगळी जत्रा त्याच्याकडं बघायची. म्हाळसा शेजारी बसून होती. आपण वेचून घेतलेली, हातानं पीळ तपासलेली वायर कुठल्या कोपऱ्यात फेकली असेल, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. बापाचा आवाज ऐकू येत होता, तरी तिला तो नीट ऐकता येत नव्हता. राग मध्ये येत होता. याचाही तिला राग आला.

शेवटची ओळ संपली, भंडारा उधळला. दत्तोबांच्या पाया पडायला माणसं पुढं झाली आणि पुढच्या वर्षाचं बोलायला लागली; दत्तोबा माईकवरूनच त्यांना उत्तरं देत होते.

"सोडू का?" जोतीरामनं विचारलं. कपाळावरचा घाम त्याला पुसता येत नव्हता.

म्हाळसानं त्याच्याकडं बघितलं नाही.

"आबा अजून बोलत्यात," ती म्हणाली. "धरा."