आरतीला आलेला वसुलीवाला

हिशेब जुळला नाही तर मला चैन पडत नाही. विमा कंपनीच्या लेखा विभागात जन्म गेला, त्याचा हा परिणाम. पण जयपूरला प्रताप नगरात राहत असताना एका गणेशचतुर्थीला जे घडलं, त्याची मांडणी मला आजही जमलेली नाही. घडलं तसं लिहितो.

नागपूरहून बदली झाली, कागदपत्रं मागे राहिली आणि पगार अडकला. त्यातच पत्नीचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. पगारावर थोड्या मुदतीचं कर्ज देणाऱ्या एका खासगी फायनान्सवाल्याकडून वीस हजार घेतले, सही केलेले कोरे चेक दिले. पगार होताच व्याजासकट फेडले. पण चेक वटायला दोन दिवस जास्त लागले म्हणून दंड लागला. तो भरला, तर दंडावर व्याज. वसुलीचे फोन सुरू झाले, दर फोनला आकडा वेगळा. त्यांच्याच दरानं गुणून पाहिलं तरी तो आकडा कुठल्याच रीतीनं येईना. माझंच गणित चुकतंय की काय, असं वाटू लागलं. खालच्या किराणावाल्याला, ऑफिसात साहेबांना, नागपूरला मेहुण्यालाही त्यांचे फोन गेले. पूजेला बसलो की तोंडात अथर्वशीर्ष आणि डोक्यात टक्केवारी. देवाकडे मागायचं तरी काय? दंड माफ होऊ दे, की माझा हिशेब बरोबर आहे एवढं सांग?

चतुर्थीच्या आदल्या दिवशी वसुलीवाल्याचा फोन आला. "अंकलजी, कल आपके यहाँ गणपति हैं ना? हम भी आ जाते हैं. सबके सामने बात हो जाएगी."

आमच्या भागातली मराठी कुटुंबं त्या संध्याकाळी घरोघर आरतीला जात. कुणाबरोबर कोण पाहुणा येईल याचा नेम नसे. मी दारातच उभा राहिलो, त्याला बाहेरच्या बाहेर परतवायचं म्हणून. तेवढ्यात कुणीतरी कापूर मागितला, मी आत वळलो. परत येऊन पाहतो तर हॉलच्या मधोमध एक अनोळखी तरुण, काखेत रेक्झिनची बॅग, हातात आमची झांज. पत्नीनं त्याला कुणाचा तरी पाहुणा समजून आत घेतलं होतं. "भैया, चप्पल उधर. और ये लो, खाली हात नहीं खड़े रहते."

तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. आरती सुरू झाली. आधी त्याची झांज चुकत होती, मग ठेक्यात आली. मी मात्र कडवी चुकत होतो. आता बोलेल, आता बोलेल, असं प्रत्येक कडव्याला वाटे. तबक त्याच्यापुढे आलं, तेव्हा त्यानं ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावले आणि खिशातून दहाची नोट काढून तबकात ठेवली. वसुलीला आलेल्या माणसानं! पत्नीनं त्याच्या हातावर मोदक ठेवला. "गरम है, सँभालके."

सोडायला मी दाराबाहेर गेलो. चपला घालत, खाली बघतच तो म्हणाला, "हिसाब लिखकर माँगिए, रजिस्ट्री से. मुँह से जो बोलते हैं, लिखकर नहीं देंगे. और आज मैं यहाँ आया नहीं था."

दुसऱ्या दिवशी लेखी हिशेब मागणारं पत्र रजिस्टर्ड पोस्टानं टाकलं. हिशेब आला नाही. काही आठवड्यांनी एका पाकिटातून माझे उरलेले कोरे चेक तेवढे परत आले. फोन बंद झाले.

पत्रानं झालं, मोदकानं, की त्या मुलाच्या मनात आधीच काही होतं, मला माहीत नाही. एवढंच कळतं, की ज्याला मी दारात अडवणार होतो, त्याच्याच हातून वाट दिसली. आणि त्याला आत घेण्याची बुद्धी माझी नव्हती. हे देणं ज्याचं आहे, त्याच्या पायाशी ते तसंच ठेवलं आहे.

दरवर्षी आरतीआधी मी एक झांज जास्तीची काढून दाराजवळ ठेवतो. मुलीनं एकदा विचारलं, "बाबा, ये किसकी? आपण तर सगळे आलो."

"येईल त्याची," म्हणालो, आणि दार उघडंच ठेवलं.