बेंजोआधीची आरोळी

सुकत घातलेल्या जवळ्याचा वास आला की मला करावे गावातला मित्राचा ओटा आठवतो. नव्वदच्या दशकात मी नेरूळच्या आमच्या सोसायटीतून तिथे जायचो, कारण लग्ना-हळदीत वाजवणाऱ्या गावच्या बेंजो पार्टीचं आम्हा पोरांना वेड होतं. ती पार्टी उभी करणारा म्हातारा बेंजोवाला पार्टीत कॅसिओ कीबोर्ड आणण्यावरून भांडून बाहेर पडला होता आणि त्याच्याशिवाय निघालेली पहिली कॅसेट आम्ही त्या दुपारी ऐकत होतो. "जुन्या कॅसेटींपेक्षा आवाज साफ हाय," मित्र म्हणाला. "साफ आहे रे, पण अंगात येत नाही," मी चिडून म्हटलं. वाद घालता घालता गाणं संपलं. जुन्या कॅसेटींवर प्रत्येक गाण्याआधी म्हातारा "हुय्या रंऽऽ!" अशी आरोळी ठोकायचा. टेप क्षणभर गप्प झाला आणि सवयीने आम्हीच ओरडलो, "हुय्या रंऽऽ!" मागे वळलो तर खाडीवरून परतलेला म्हातारा खांद्यावर जाळं घेऊन उभा. "कॅसेट कशी झालीय रं?" त्याने विचारलं. मित्राने घाईघाईने टेप बंद केला. "आरोली बरी मारली," एवढंच म्हणून तो शेजारच्या आपल्या घरात गेला आणि त्याने दार लोटून घेतलं. आजही कुणाच्या हळदीला बेंजो सुरू व्हायच्या आधी ती आरोळी माझ्या ओठांवर येते, आणि मी आधी मागे वळून बघतो.