कोण जोडलेलं आहे

त्या साहेबाचा मला आजही राग येतो, आणि तो उतरावा असं वाटतही नाही.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत जळगावच्या एका सरकारी कचेरीत मी संगणकाचं काम बघायचो. आतल्या खोलीत मुख्य मशीन, त्यात शेतीपंपाच्या अर्जांची सगळी माहिती, बाहेर कारकुनांपुढे आठ टर्मिनल. या दोघांमधली जोडणी सांभाळणारी एक सेवा होती आणि ती माझ्या ताब्यात होती. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचे. ‘स्टार्ट’ दिलं की जोडणी सुरू, ‘स्टॉप’ दिलं की सगळे बाहेर, ‘स्टेटस’ दिलं की कोण किती वाजल्यापासून जोडलेलं आहे त्याची यादी.

ही यादी मीच एकदा हौसेनं साहेबाला दाखवली. झालं! दुसऱ्या दिवसापासून रोज साडेदहाला तिची छापील प्रत त्याच्या टेबलावर हवी. हजेरीपटावरचा त्याचा विश्वासच उडाला.

यादीत शेवटी नेहमी एकच नाव, आठव्या टर्मिनलवरच्या अक्कांचं. त्या पहूरहून एसटीनं यायच्या आणि कितीही धावपळ केली तरी त्यांना सव्वादहा वाजायचे. बाकीचे सात जण दहाच्या ठोक्याला जोडणी करून चहाच्या टपरीवर जायचे ते कधीतरी परत यायचे. यादीत मात्र ते दिवसभर जोडलेले. अक्का डबासुद्धा टर्मिनलसमोर खायच्या, पण ते यादीत कुठे दिसणार? ‘जागेवर नसतात’ असं कारण लावून साहेबानं त्यांच्या धुळ्याच्या बदलीचा कागद तयार केला. पहूरहून रोज धुळं जमणारं नव्हतं. म्हणजे एकतर नोकरी सोडा, नाहीतर घर.

मी साहेबाला समजवायला गेलो. तो म्हणाला, “तुम्ही मशीन सांभाळा. माणसं मी बघतो.”

माझं डोकं फिरलं. बघतोस ना माणसं, मग बघच, असं मनात म्हणत मी खोलीत आलो आणि दुपारी चार वाजता ‘स्टॉप’ दिलं. कोणाला सांगितलं नाही. अक्कांनाही नाही, कारण त्यांना सांगितलं असतं तर माझा पुरावा कच्चा ठरला असता. दोन मिनिटांनी ‘स्टार्ट’. जो खरोखर जागेवर असेल तो पुन्हा जोडणी करणार. दहा मिनिटांनी ‘स्टेटस’ घेतलं. आठांपैकी एकच नाव आलं, अक्कांचं. तो कागद घेऊन मी जवळजवळ धावतच साहेबाकडे गेलो. इतका आनंद मला त्या कचेरीत कधी झाला नव्हता.

त्यानं कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि अक्कांना बोलावलं. चोपड्याकडचे साठ अर्ज पाचच्या जीपनं धुळ्याला जायचे होते. “झाले?”

“होतच आले होते साहेब. मधीच सगळं गेलं.”

साठ अर्जांचा गठ्ठा पूर्ण झाल्याशिवाय ते मशीन काहीच साठवून ठेवत नसे. हे मला माहीत होतं, तशी व्यवस्था मीच लावली होती. रागाच्या भरात आठवलं नाही. बाकी सात जणांचं काहीच गेलं नाही, कारण त्यांनी काही केलंच नव्हतं.

न विचारता सेवा थांबवल्याबद्दल मला मेमो मिळाला. बदलीच्या कागदावर साहेबानं माझ्यादेखत एक ओळ वाढवली: दिलेले काम वेळेत पूर्ण केले नाही. त्या कागदावर खरी अशी तेवढीच ओळ होती, आणि ती मी मिळवून दिली होती.

बाहेर आलो तेव्हा अक्का पुन्हा पहिल्या अर्जापासून टाइप करत होत्या. पाच वाजायला आले होते. मी म्हणालो, “अक्का, मी तुमच्यासाठीच केलं हो.”

त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

“भाऊ, आठ पावलांवर बसेल होते मी. एक आवाज द्याचा होता.”