तीन पडदे आणि एक वाडी

कोऱ्या गाडीतला प्लास्टिकचा वास आला की मला साताऱ्याचं ते दुकान आठवतं. फौजेतून निवृत्त झालेल्या चुलत्यांनी सुनेच्या बाळंतपणासाठी गाडी घेतली होती. मोतीबिंदूमुळं त्यांना ती चालवता येईना, म्हणून मेढ्याचा ड्रायव्हर ठरवला आणि गाडी त्याच्याच दारात ठेवली. डोंगरातली आमची वाडी त्यानं कधी बघितली नव्हती, म्हणून रस्ता दाखवणारं यंत्र निवडायला चुलते मला घेऊन गेले. तीन यंत्रांच्या पडद्यांवर वाडीचं नाव टाकून बघितलं. एकावरही ती नव्हती. "आवं काका, उपग्रह वरनं समदं बघतोय," दुकानदार म्हणाला. "मग आमचीच वाडी कशी दिसंना रं?" चुलत्यांनी विचारलं. मी तिथंच भाषण ठोकलं: मतदार यादीत आम्ही आहोत, मग नकाशात का नाही? "ताई, मी फकस्त बसवून देतो," तो म्हणाला. शेवटी चुलत्यांनी मोठ्या आवाजाचं यंत्र घेतलं. ते फाट्यापर्यंत तरी आणणार होतं. तिथून पुढं वाट दाखवायला माणूस उभा करायचा, ही आमची जुनी रीत. सुनेला कळा सुरू झाल्या त्या दुपारी टेकडावर चढून ड्रायव्हरला फोन लावला आणि फाट्यावर मीच उभी राहिले. लांबून दिसावं म्हणून वाडीच्या रस्त्यासाठी चाललेल्या आमच्या आंदोलनाचा फलक उंच धरला: 'रस्ता द्या!' ड्रायव्हरला वाटलं, रास्ता रोको चाललाय. त्यानं लांबूनच गाडी वळवली. फाट्यावर फोनला रेंज नव्हती. मी ओरडत मागं पळाले. बाळ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जन्मलं. ते आता धावतंय, पण मोर्च्यात तो फलक हातात आला की माझा हात खांद्याच्या वर जात नाही.