मावशींचे दोनशे वर्षांपूर्वीचे अक्षर

हस्तलिखितांच्या संग्रहालयात झाडलोट करणाऱ्या मावशी साठाव्या वर्षी प्रौढवर्गात अक्षरे शिकल्या. वर्गातील पुस्तक घरी नेण्यास मिळत नसे. म्हणून दुपारच्या सुटीत त्या काचपेटीतील उघड्या पोथीसमोर बसत आणि तिचेच अक्षर गिरवीत. दुरुस्तीच्या खोलीत टाकून दिलेले जुने कोरे कागद, वाटीत उरलेली काजळाची शाई आणि एक बोरू, एवढेच त्यांचे साहित्य होते.

एके सकाळी त्या फरशी पुसत होत्या. टेबलाशी भिंगवाले सर बसले होते. जुन्या अक्षरावरून त्याचे वय सांगण्यात सरांचा हात धरणारा कोणी नव्हता. एक पान दाखवीत ते संग्रहपालांना म्हणाले, “हे कपाटामागं सापडलं. कागद जुना, शाई जुन्या पद्धतीची आणि वळण थेट काचपेटीतल्या पोथीच्या लेखनिकाचं. दोनशे वर्षांपूर्वीचा कच्चा मसुदा आहे हा. उद्या अहवाल छापायला देतो.”

मावशींच्या हातातले फडके गळून पडले. पान त्यांचे होते.

घरी सून म्हणाली, “आई, तुम्ही गप्प बसा. संग्रहालयाचा कागद वापरला म्हणून नोकरीवरून काढतील. अन् ठरलात दोनशे वर्षांच्या, तर बिघडलं काय? दिसताच तेवढ्या.”

मावशींना हसू आले नाही. छापलेले ते खरे, अशी त्यांची श्रद्धा होती. आणि आता त्यांच्यामुळेच खोटे छापले जाणार होते.

दुसऱ्या दिवशी त्या सरांसमोर उभ्या राहिल्या. “सर, ते पान मी लिहिलंय.”

“मावशी, सकाळी सकाळी माझी फिरकी घेताय?”

मावशींनी बोरू घेतला आणि अहवालाच्याच पाठीवर दोन ओळी लिहिल्या. सरांनी भिंग लावले. चष्मा पुसून पुन्हा भिंग लावले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“कुणी शिकवलं?”

“त्या पोथीनंच. दुसरं वळण मला येतच नाही.”

सरांनी अहवालावर आडवी रेघ मारली.

“नोकरीची काळजी सोडा,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “फक्त एवढं सांगा, अशी आणखी किती पानं लिहिलीत?”

“मोजली नाहीत, सर. टाकवेनात, म्हणून जागा दिसेल तिथं ठेवत गेले.”

सरांनी मान वळवून कपाटांच्या रांगेकडे पाहिले.