ग्रीन लोन आणि न उकळणारा चहा

बराच वेळ झाला तरी चहाला उकळी येईना. गोबरगॅसच्या शेगडीवर पातेलं, शेगडीपुढं घरच्या मालकीण सावित्रीआक्का, पाटावर मी आणि शेजारी दूध संघाचे मॅनेजर देसाई. पावसाच्या गारव्यातही त्यांना घाम फुटलेला.

"राहू दे की आक्का, साहेब चहा घेत न्हाईत," देसाई म्हणाले.

"घेतो की," मी म्हणालो.

मी शिवाजी पेठेतला सीए. हल्ली ग्रीन लोन तपासायची कामं फार येतात. पर्यावरणाला फायद्याच्या कामासाठी बँक जरा कमी व्याजानं कर्ज देते, ते ग्रीन लोन. अट एवढीच, की पैशातून काय झालं ते खरंखुरं जाहीर करायचं. त्याला डिस्क्लोजर म्हणतात. न झालेलं झालं म्हणून छापलं, की ते ग्रीनवॉशिंग.

राधानगरीकडच्या या संघानं पहिल्या हप्त्यातून गावात गोबरगॅस बसवले होते. रिपोर्टात ठोकून दिलं होतं, 'सर्व घरांत बारमाही गॅस, चूल कायमची बंद.' माझी सही झाली की दुसरा हप्ता सुटणार, वरच्या वाडीतल्या बायकांनाही गॅस मिळणार. खोटं उघडं पडलं तर तो हप्ता जाणारच, वर पहिलं कर्जही बँक परत मागणार.

देसाईंनी आदल्या दिवशी घरोघर निरोप धाडलाय, हे मला कुठं ठाऊक? शेगड्या लख्ख, चुली गार. फोटो काढून मी उठलोच होतो. पण आक्का दारात आडव्या. "चहा न घेता जाताय व्हय पावणं? बसा खाली!"

बसलो. शेगडीची ज्योत काजव्याएवढी. आक्का एकदा पातेल्याकडं बघत, एकदा देसाईंकडं. शेवटी त्यांना राहवेना.

"किती वेळ बसवायचं वो पावण्यांना? मला लाज वाटाय लागलीया! आत चूल हाय, ती पेटवते. पावसाळ्यात हा गॅस असाच मरतोय. तुमी सांगितलंसा म्हणून गप हाय मी!"

देसाईंनी डोळेच मिटले. मला हसू आवरेना, आणि रागही आला. पावसाळी गारठ्यात टाकीतलं शेण नीट कुजत नाही, गॅस कमी बनतो. यात लपवण्यासारखं काय होतं?

चुलीवरचा फक्कड चहा पिऊन बाहेर आलो. देसाई काकुळतीला आले. "साहेब, हे लिवलंसा तर वरची वाडी तशीच राहील की वो."

"आणि नाही लिहिलं तर दोन्हीकडची माणसं गोत्यात येतील. त्यात मीही आलो."

संघाकडून रिपोर्ट बदलून घेतला. पावसाळ्यात गॅस कमी पडतो, चूल पेटते, हे सरळ लिहिलं. ऊब टिकावी म्हणून टाक्यांवर छप्पर आणि भोवती उसाचं पाचट घालू, हेही लिहिलं. बँकेचा निरोप येईपर्यंत माझाही जीव टांगणीला लागला होता. मग तिथल्या मॅडमचा फोन आला. "पावसाळ्याची माहिती दरवर्षी स्वतंत्र द्या. छपराचा खर्च याच हप्त्यातून करा. मंजूर आहे."

देसाईंना कळवलं. "सुटलो बाबा!" ते एवढ्या जोरात ओरडले, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तपासणीला गेलो. आक्कांनी पातेलं गॅसवर ठेवलं, वरच्या वाडीत आलेल्या गॅसच्या गप्पा काढल्या आणि बोलता बोलता चहा भसकन उतू गेला. सगळी शेगडी बरबटली. देसाई एवढे खूश, की फडकं घेऊन स्वतःच पुसायला लागले.

साईटवर गेलो की आता मी कागद नंतर मागतो. आधी चहा मागतो, आणि तो होईपर्यंत शेगडीपुढनं हलत नाही.