नववी कुमारिका

कमलिनीकाकूंना हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, यावर चेन्नईतल्या मराठी घरांत नवरा-बायकोचा खल व्हायचा. बँकेतली नोकरी सोडून त्या मुलांच्या हक्कांसाठी काम करू लागल्या आणि कुणाकडेही गेल्या की देवाआधी स्वयंपाकघरात डोकावू लागल्या. तिथे एखादं लहान पोर भांडी घासताना दिसलं की यजमानांची धडगत नसे. मी त्यांची अड्यारची शेजारीण, पिशवी धरायला कायम बरोबर.

२००७च्या नवरात्रात आम्ही पेरुंगुडीला मंदार-देविकाकडे गेलो. दोघं सॉफ्टवेअरवाले, स्वभावानं गोड. बाळाला सांभाळायला त्यांनी लातूरकडच्या खेड्यातून दहा वर्षांच्या तुळजाला आणलं होतं. शाळेत घालू म्हणाले होते, ते राहूनच गेलं. लहान मुलांना घरकामाला ठेवायला कायद्यानं बंदी होती. पण काकू म्हणायच्या, "कायदा दाखवला की माणसं दार लावून घेतात, आणि पोर आतच राहतं."

अष्टमीला पुन्हा गेलो, तर नऊ कुमारिका जेवायला हव्या होत्या, आल्या आठच. देविका रडकुंडीला आली.

"अगं, काखेत कळसा आणि गावाला वळसा," काकू म्हणाल्या. "तुळजा आहे की."

देवीसमोर नाही कोण म्हणणार? तुळजा पाटावर बसली. देविकानं तिचे पाय धुतले, कुंकू लावलं, भेट द्यायला हात हातात घेतला, तेव्हा साबणानं चिरलेली बोटं तिला पहिल्यांदा नीट दिसली. जेवणं झाल्यावर तुळजा सवयीनं ताटं उचलायला लागली. पाय धुतलेल्या पोरीला उष्टी कशी काढू द्यायची? देविकानं ताटं काढून घेतली आणि रडू लागली.

"दसरा झाला की शाळेत घालते," ती म्हणाली. काकूंनी अड्यारच्या शाळेत बोलूनच ठेवलं होतं, त्यामुळे त्या भलत्याच खुशीत होत्या. मग त्यांना आपलाच नियम आठवला, की पोराला विचारल्याशिवाय त्याचं काही ठरवायचं नाही.

"तुला काय हवंय, कण्णा?" लाडात आल्या की त्या तमिळवर जात.

"आईपाशी जायचंय."

काकूंचा चेहरा पडला. "गावात शाळा आहे?"

"हाय."

"मग तिथेच जा," काकू म्हणाल्या.

तिला सोडायला आम्ही दोघी गेलो. पोरीला दारात बघून आई घाबरली. "काय केलंस गं? का घालवलं तुला?"

"काय न्हाई केलं," तुळजा म्हणाली. "ह्यांनी मला इचारलं."